बंद बरणीतले जीव ओळखायचे आहेत: २४ दिवस, सात प्रकार

तळ्याकाठी (धागाकर्ता)

पाझर तलावाच्या कडेचं पाणी आणि गाळ घालून लावलेली बरणी आहे. जागा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा भाग. दीड लिटरची रुंद तोंडाची गोल काचेची बरणी, तळाला ४ सेंमी काळा गाळ, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या तीन काड्या, वर ३ सेंमी हवा. झाकण लावून २४ दिवस झाले, मध्ये एकदाही उघडलेलं नाही. उत्तरेच्या खिडकीत आहे, थेट ऊन येत नाही. खोलीचं तापमान २५ ते २८ अंश. साधनं म्हणजे दहापट भिंग, मोबाइल आणि टॉर्च.

आजवर दिसलेले प्रकार:

१. तपकिरी, खसखशीहून थोडा बारीक, शिंपल्यासारखा. काचेवरून तुरुतुरु जातो, थांबला की दगडासारखा खाली पडतो.
२. पांढरट, पाण्याच्या थेंबासारखा आकार, झटके देत पोहतो. काहींच्या शेपटीजवळ दोन पिशव्या लोंबतात.
३. टुणटुण उड्या मारणारे जीव. पहिले दोन आठवडे शेकड्यांनी होते, आता एकही नाही. गाळावर आणि पाण्याच्या कडेला काळे ठिपके दिसतात.
४. काचेला चिकटलेला दोरा, मोकळ्या टोकाला पाच-सहा बारीक धागे.
५. पांढरा, चपटा, काचेवरून संथ सरकणारा किडा. लांबी ४ मिमी.
६. गाळातून वर आलेली लालसर, सतत हलणारी टोकं.
७. हायड्रिलाच्या पानांवर पांढरे कापसासारखे पुंजके. बरणीला टिचकी मारली की क्षणभर नाहीसे होतात.

५ हा प्लॅनेरिया (एक चपटा कृमी) असावा असा अंदाज आहे. बाकीच्यांची ओळख आणि खात्री करून घेण्याची पद्धत, दोन्ही हवं आहे.

भिंगधारी

नोंद उत्तम आहे. सातपैकी पाच प्रकारांत तुम्ही जीव कसा हलतो ते लिहिलंय, आणि ओळखीची खरी किल्ली तिथेच आहे. थांबलेल्या फोटोत ऑस्ट्रॅकॉड आणि गोगलगाईचं पिल्लू सारखंच दिसतं. दोन सेकंदांच्या व्हिडिओत मात्र त्यांची गल्लत होऊच शकत नाही. म्हणून आधी चाल, मग मोजमाप, आणि रंगरूप शेवटी. रंग तर जवळपास सोडूनच द्या, कारण तो खाण्यावर आणि पाण्यातल्या प्राणवायूवर बदलतो.

१ म्हणजे ऑस्ट्रॅकॉड, यात शंका नाही. दोन झडपांच्या कवचात अख्खा प्राणी, आणि झडपांच्या फटीतून पाय बाहेर. मुगाच्या दाण्याला पाय फुटले तर जसा दिसेल तसा. कवच जड असल्यामुळे पाय थांबले की सरळ तळाशी जातो. पाणपिसू (तुमचा ३ नंबरचा उड्या मारणारा जीव) थांबली तर हळूहळू तरंगत उतरते, असा दगडासारखा पडत नाही. याच्याशी गल्लत होते ती कायडोरस नावाच्या गोल पाणपिसूची (साधारण ०.३ ते ०.५ मिमी). तिचा काळा डोळा स्पष्ट दिसतो आणि ती गाळालगत अडखळत पोहते. दुसरी गल्लत पाणकोळ्यांशी, म्हणजे पाण्यातल्या माइट्सशी. ते गोल आणि बहुधा लाल असतात, पण त्यांचे आठ पाय बाहेर पसरलेले असतात, कवचाची फट नसते.

२ सायक्लॉप्स, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला बारीक जीव. डोक्याच्या मध्यावर एकच डोळा, भिंगातून लालसर ठिपका दिसतो. दोन पिशव्या म्हणजे मादीची अंडी. पिशवी एकच असेल आणि स्पर्शिका शरीराइतक्या लांब असतील तर तो त्याचा भाऊ कॅलॅनॉइड, आणि तो झटक्यांपेक्षा जास्त वेळ अलगद तरंगत असतो. तिसरा भाऊ हार्पॅक्टिकॉइड, अळीसारखा लांबट, स्पर्शिका अगदी आखूड, तळाशी रांगणारा. या तिघांची पिल्लं सुरुवातीला ०.१ ते ०.२ मिमीची असतात, टॉर्चच्या झोतात धुळीच्या कणासारखी दिसतात. फरक इतकाच की धूळ वाहत जाते आणि हे कण उसळतात.

५ बद्दल एक प्रश्न. ४ मिमी कसं मोजलंत? किडा बरणीच्या कुठल्या बाजूला होता?

तळ्याकाठी

बाहेरून मोजपट्टी धरून. किडा मागच्या काचेवर होता, आडवा सरकत होता.

भिंगधारी

मग तो ४ मिमीचा नाही, २ च्या आसपास आहे.

पाण्याने भरलेली गोल बरणी हेच एक भिंग असतं, पण फक्त आडव्या दिशेचं. समोरच्या काचेला चिकटलेला जीव खऱ्या मापाचा दिसतो. बरणीच्या मधोमध असलेला आडवा सुमारे १.३ पट आणि मागच्या काचेवरचा सुमारे दुप्पट. उभ्या दिशेत काच वाकलेली नसते, त्यामुळे उंची फुगत नाही. म्हणून मागच्या काचेवर आडवा सरकणारा किडा लांबुडका दिसतो, आणि तोच वळून वर चढायला लागला की आखूड आणि जाड दिसतो. किडा आकसला असं वाटतं, पण किडा आहे तेवढाच असतो.

पडताळायचं असेल तर तशीच दुसरी बरणी पाण्याने भरा. आलेख कागदाचा दोन सेंमीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मागच्या काचेला आतून टेकवा. चौकोन आयताकृती दिसतील, उंचीपेक्षा रुंदी जवळपास दुप्पट.

मोजायचं ते फक्त समोरच्या काचेवर. मिलिमीटरच्या आलेख कागदाची पट्टी बाहेरून काचेला चिकटवून ठेवा आणि जीव तिच्या शेजारून गेला की फोटो घ्या. दोन्ही एका फोटोत, एका अंतरावर. पट्टी नसेल तर स्वयंपाकघरातलं माप चालतं: खसखस साधारण १ मिमी, मोहरी दीड ते दोन.

निवळशंख

३ बद्दल. उड्या मारणाऱ्या म्हणजे पाणपिसवा. आपल्याकडच्या उथळ, गरम पाण्यात बहुतेक वेळा मॉइना नावाची पाणपिसू निघते. डाफ्निया या दुसऱ्या पाणपिसूच्या मागच्या टोकाला काटा असतो आणि डोक्यापुढे चोच. मॉइनाला दोन्ही नसतं, आणि सहसा ती दीड मिमीच्या वर जात नाही. जुने व्हिडिओ असतील तर काटा आहे का ते बघा.

त्या मेल्या याचा अर्थ तुमचं काही चुकलं असा नाही. बंद बरणीत हे ठरलेलं आहे. सुरुवातीला पाण्यात हिरवी सूक्ष्म शैवालं भरपूर असतात. पाणपिसवा नराशिवायच पिल्लं घालतात, काही दिवसांत संख्या दहापट होते, पाणी लख्ख निवळतं, आणि निवळलं की त्यांना खायला काही उरत नाही. गर्दी आणि उपासमार सुरू झाली की मादी वेगळी अंडी घालते. पाठीवरचा कवचाचा भाग काळा, खोगिरासारखा होतो आणि कात टाकताना अंड्यांसह गळून पडतो. तुमचे काळे ठिपके तेच. काही तळाशी जातात आणि काही पृष्ठभागाच्या ताणावर अडकून कडेला गोळा होतात. भिंगातून एका ठिपक्याचा आकार बघा. अर्धगोल, कडा सरळ, आत डाफ्नियाचं असेल तर दोन अंड्यांचे फुगवटे.

ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात. कोरड्या पडलेल्या तळ्यात पहिल्या पावसानंतर पाणपिसवा कुठून येतात याचं उत्तर हेच. उबवायची असतील तर ठिपक्यांसह एक चमचा गाळ सावलीत पूर्ण वाळवा, दोन-तीन आठवडे तसाच ठेवा, मग पावसाचं किंवा दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी घाला आणि उजेडात ठेवा. पाणी उथळ असू द्या, तीन-चार सेंमी पुरे. बऱ्याचदा पाणपिसवांच्या बरोबरीने ऑस्ट्रॅकॉडही निघतात, त्यांचीही अंडी वाळवण सोसतात.

गाळउपसा

६ वर दोन शक्यता आहेत आणि दोन्ही लाल आहेत, म्हणून नीट बघा.

पहिली, ट्यूबिफेक्स कुळातले वलयी कृमी. डोकं गाळात आणि शेपूट पाण्यात. शेपटी लाटेसारखी एकसारखी हलते. टॉर्च एकदम मारला किंवा टेबल हललं की एका झटक्यात सगळे आत जातात आणि मिनिटाभराने एकेक करून वर येतात.

दुसरी, कायरोनोमस माशीच्या अळ्या, ज्यांना मत्स्यपालनवाले ब्लडवर्म म्हणतात. यांना स्पष्ट, कडक, तपकिरी डोकं असतं. डोक्यामागे आणि शेपटीला आखूड पायांची एकेक जोडी. गाळाचे कण चिकटवून नळी करतात आणि नळीतून बाहेर डोकावतात. नळी सोडली की इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळसे घेत पोहतात. ट्यूबिफेक्स असा कधीच पोहत नाही.

दोघांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे, आणि त्यामुळेच प्राणवायू कमी असलेल्या गाळात ते तग धरतात. ट्यूबिफेक्स असेल तर बरणीत फुकटचं मापक मिळालं असं समजा. पाण्यात प्राणवायू कमी होतो तशी शेपटी गाळाबाहेर जास्त लांब येते. बघायची वेळ पहाटेची, उजेड पडायच्या आत, कारण रात्रभर वनस्पतीही श्वास घेत असतात आणि प्राणवायूची पातळी तेव्हाच सर्वांत खाली असते. पहाटेची शेपटी आणि दुपारी चारची शेपटी, दोन्हीची लांबी आठवडाभर लिहा. पहाटेची लांबी दिवसागणिक वाढत असेल तर बरणी गुदमरतेय.

सांजवात

दोन शंका आहेत. सायक्लॉप्समधून नारू होतो ना? आणि या पाण्यात डासाच्या अळ्या असतील तर बरणी घरात ठेवावी का?

निवळशंख

सांजवात, नारूच्या जंताची अळी सायक्लॉप्सच्या पोटात वाढते हे खरं आहे. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायल्याने तो पसरायचा, म्हणून तर पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवलं गेलं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आता सायक्लॉप्स दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तळ्याचं पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढं पाळा.

त्यापेक्षा काळजी गोगलगायींची घ्या. गुरं उतरतात त्या तळ्यातल्या चक्रीसारख्या चपट्या गोगलगायींतून, म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिसमधून, गुरांच्या रक्तातल्या पर्णकृमींच्या अळ्या बाहेर पडतात आणि माणसाच्या कातडीला खाज सुटते. पाणी भरताना रबरी हातमोजे घाला.

डासांचं म्हणाल तर अळी पृष्ठभागाला उलटी लोंबते, छेडलं की वळवळत खाली जाते. स्वल्पविरामाच्या आकाराचा, दोन शिंगांसारख्या नळ्यांचा जीव दिसला तर तो कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत डास. घट्ट झाकणातून डास बाहेर येत नाही. धोका असतो तो उघड्या ठेवलेल्या बरणीचा. तिच्या तोंडावर मलमल ताणून रबरबँड लावा आणि कोष दिसला की ड्रॉपरने काढून टाका. एक सांगायला हवं, कायरोनोमस माशी हुबेहूब डासासारखी दिसते पण तिला चावायची सोंड नसते. बरणीत वरच्या हवेत ‘डास’ दिसला तर आधी सोंड बघा.

भिंगधारी

४ हायड्रा, जेलीफिशच्या नात्यातला नळीसारखा जीव. सुईच्या टोकाने छेडता येत नाही कारण बरणी बंद आहे, पण चिकटलाय तिथे बाहेरून काचेवर टिचकी मारा. दोरा आकसून अर्ध्या मिलिमीटरची गोळी होईल आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा लांबेल. हायड्रिलाचं तुटलेलं मूळ किंवा शैवालाचा धागा असा आकसत नाही. बाजूला फांदीसारखं दुसरं छोटं धागेवालं टोक फुटलेलं दिसलं तर ती कळी. पोट भरलेलं असेल तर काही दिवसांत वेगळी होऊन स्वतंत्र हायड्रा होते.

गडद हिरवा असेल तर त्याच्या पेशींत शैवाल राहतं, ती वेगळी जात. पांढरा, तपकिरी, नारिंगी या छटांवर मात्र विसंबू नका, त्या खाण्यावर ठरतात. हायड्रावर आपल्याकडे गंभीर काम झालेलं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अभ्यासलेल्या हायड्रा व्हल्गॅरिसच्या स्थानिक वाणाला शास्त्रीय लेखनात पुण्याच्याच नावाने ओळखतात. तुमची बरणी त्याच जिल्ह्यातली आहे, त्यामुळे अंदाज त्या दिशेने जातो. पण फोटोवरून जात सांगणं बरोबर होणार नाही.

पाणपिसवा संपण्यात याचाही हात असणार. आता हायड्रांचं खाणं सायक्लॉप्सची पिल्लं. बरणीत हायड्रा किती आहेत ते मोजा. दर आठवड्याला दुप्पट होत असतील तर महिनाभरात सायक्लॉप्स विरळ होतील आणि त्यामागोमाग हायड्राही लहान, निस्तेज होतील.

७ व्हॉर्टिसेला किंवा त्याचे नातलग, म्हणजे देठावर घंटेसारखं शरीर असलेले एकपेशी जीव. टिचकीने नाहीसे होतात हेच लक्षण, बुरशीला ते जमत नाही. प्रत्येक देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो. नातलग ओळखायचे असतील तर सूक्ष्मदर्शक हवा. देठ सुटे असले तर व्हॉर्टिसेला. एका फांदीवर अनेक घंटा आणि प्रत्येक आपापली आकसते तर कार्केसियम. अख्खं झाड एकदम आकसलं तर झूथॅम्नियम. देठ ताठ राहिला आणि फक्त घंटा मिटली तर एपिस्टायलिस.

खडकावरचं_शेवाळ

सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोप घ्यावा. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने केलेला कागदी सूक्ष्मदर्शक, १४० पटीपर्यंत दाखवतो आणि मोबाइल लावता येतो. रोटिफर (जबडा असलेले सूक्ष्म प्राणी), व्हॉर्टिसेला, सायक्लॉप्सची पिल्लं यांना उत्तम. हायड्रा किंवा चपट्या किड्याला मात्र जास्त होतो, त्यांना दहापट भिंगच बरं.

थेंब बघताना कव्हर स्लिप (थेंबावर ठेवायची पातळ काच) सरळ ठेवली तर मोठे जीव चिरडतात आणि मग शरीराचे भाग ओळखू येत नाहीत. स्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचा राईएवढा गोळा लावा आणि बघत बघत हलक्या हाताने दाबा. जीव अडकला पण चेंगरला नाही, अशी एक उंची मिळते. फार पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू पसरा, त्यांच्या जाळ्यात तो जागच्या जागी फिरतो. सोडावॉटरचा एक थेंबही चालतो. कार्बन डायऑक्साइडने काही मिनिटं गुंगी येते, लगेच साध्या पाण्यात सोडलं तर बहुतेक सावरतात.

तळ्याकाठी

पण थेंब काढायचा तर झाकण उघडावं लागेल. आणि बंद ठेवण्यातच या बरणीचा अर्थ आहे.

गाळउपसा

उघडू नका. यासाठी जुळी बरणी लावायची असते. पाणी आणताना एकच बादली ढवळून दोन बरण्यांत सारखी वाटायची, गाळही सारखा, वनस्पतीही त्याच काडीच्या. एक बंद आणि दुसरी मलमल बांधून उघडी. ओळख उघडीतल्या जिवांची करायची आणि मोजणी बंदमधल्यांची. पंधरा दिवसांनी उघडीतून ५ मिली पाणी आणि पाव चमचा गाळ, यापेक्षा जास्त काढू नये.

तुमच्याकडे जुळी नाही. मग त्याच तलावाच्या त्याच कडेवरून पाणी आणून आज दुसरी लावा. दिवस मागे-पुढे असतील, पण जिवांची यादी बरीचशी तीच येईल. भरताना चहाच्या गाळणीने चतुर आणि टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद कीटक) यांच्या अळ्या काढून टाका. टाचणीच्या अळीला शेवटी तीन पानांसारखे कल्ले असतात, चतुराची जाडजूड असते. एक अळी राहिली तरी दीड लिटरमधली अर्धी वस्ती संपवते. मासा तर अजिबात नको, पिल्लूही नको. त्याला लागणारा प्राणवायू ही बरणी रात्री देऊ शकत नाही.

गाळ ४ सेंमी म्हणालात, तो निम्मा हवा होता. जाड गाळाच्या खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, गंधक वापरणारे जिवाणू वाढतात, थर काळा होतो आणि सडक्या अंड्यांचा वायू साठतो. तुमचा गाळ मुळातच काळा आहे, त्यामुळे रंगावरून कळणार नाही. काचेलगत गाळात बुडबुडे अडकलेत का, ते बघा. बरणी जागची हलवू नका. हलवली तर तो वायू एकदम पाण्यात मिसळतो आणि पहिले मरतात ते सायक्लॉप्स.

भातखाचर

सडा (कोकणातलं जांभ्या दगडाचं पठार) आणि पठारांवरच्या डबक्यांतलं पाणी अशा बरणीला कसं राहील? रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाळ्यात परीझिंगे दिसतात, पाठीवर पोहणारे.

निवळशंख

कृपा करून आणू नका. परीझिंगे, म्हणजे स्ट्रेप्टोसेफॅलस, काही आठवड्यांत वाढून अंडी घालून संपतात, आणि त्यांचं पुढचं अख्खं वर्ष त्या बोटभर मातीत असतं. सह्याद्रीचं नाव मिळालेली त्यांची एक जात इथल्याच पठारांवरून नोंदली गेली आहे. एका डबक्यातली ओंजळभर माती म्हणजे त्या डबक्याचं बरंचसं बियाणं. शिवाय बंद बरणीत ते जगतही नाहीत, त्यांना उघडं, हवा खेळती असलेलं पाणी लागतं. ते तिथेच गुडघे टेकून बघावेत.

तळ्याकाठी

नवी नोंद. ६ हे ट्यूबिफेक्स. टॉर्च मारला की सगळे एकदम आत, डोकं दिसत नाही, शेपटी लाटेसारखी. पहाटे साडेपाचला शेपटी ६ ते ७ मिमी, दुपारी चारला ३ मिमी. तीन दिवस असंच. हायड्रा एकूण ११. ७ मध्ये घंटा एकेक करून आकसतात असं भिंगातून वाटतं, पण खात्री नाही.

५ समोरच्या काचेवर आला तेव्हा आलेख कागदाशेजारी मोजला. २ मिमीपेक्षा थोडा कमी. डोकं त्रिकोणी नाही, बोथट गोल. डोळे दिसले नाहीत. शरीराच्या मध्यावर एक खाच आहे, जणू दोन किडे एकामागे एक जोडलेत.

भिंगधारी

मग हा प्लॅनेरिया नाही. प्लॅनेरियाचं डोकं बाणाच्या टोकासारखं असतं आणि त्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे दहापट भिंगातूनही दिसतात, अगदी लहान पिल्लालाही. लोक बरणीतला प्रत्येक पांढरा चपटा किडा प्लॅनेरिया समजतात आणि औषध टाकतात. त्या औषधाने गोगलगायी आणि वलयी कृमी मरतात, ते कुजतात आणि बरणी जाते.

मधली खाच महत्त्वाची आहे. किडा आडवा विभागतोय, मागच्या अर्ध्याला तिथेच नवं डोकं तयार होतंय. कधी तीन-चार जोडलेले दिसतात, मालगाडीसारखे. आता दोन बारीक चपट्या कृमींची नावं उरतात, स्टेनोस्टोमम आणि मायक्रोस्टोमम. दोन्ही विभागतात, दोन्ही पांढरट, दोन्ही बारीक केसांवर सरकतात. फरक डोळ्यांत. मायक्रोस्टोममच्या ओळखीच्या जातीत डोक्यावर दोन लालसर डोळे असतात, आणि तो हायड्रा खातो. नुसता खात नाही, हायड्राच्या डंख मारणाऱ्या पेशी न पचवता आपल्या कातडीत नेऊन बसवतो आणि स्वतःच्या बचावाला वापरतो. तुमच्या बरणीत ११ हायड्रा आहेत, म्हणून हे तपासायला हवं. स्टेनोस्टोममला रंगीत डोळे नसतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उथळ खळगे असतात, आणि तो रोटिफर आणि इतर सूक्ष्मजीव खातो.

बघायची पद्धत: खोलीत अंधार करा, बरणीच्या बाजूने, काचेला जवळपास समांतर, टॉर्चचा झोत सोडा. मागे काळा कागद. मोबाइल भिंगाला टेकवून व्हिडिओ घ्या, फोटो नको, मग एकेक चौकट पुढे सरकवून डोकं बघा. लाल ठिपके असतील तर एक-दोन चौकटींत चमकतातच. कोनामुळे एखाद्या वेळी लपतात, म्हणून तीन वेगवेगळे किडे बघा.

गाळउपसा

पहाट आणि दुपार यात दुप्पट फरक म्हणजे रात्री प्राणवायू बराच खाली जातोय, पण तीन दिवस आकडा स्थिर आहे. सध्या काही करू नका. एप्रिल-मेमध्ये मात्र लक्ष ठेवा. २० अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात, आणि त्याच वेळी सगळ्या जिवांची भूक वाढते. बरणी जमिनीलगत, सर्वांत थंड भिंतीशी हलवायची असेल तर ती मार्चच्या आधी, दोन हातांनी, न हिंदकळता. खिडकीपासून दूर नेताना उजेड निम्म्याहून कमी झाला तर हायड्रिलाची खालची पानं पिवळी पडतात आणि कुजणारी पानं पुन्हा प्राणवायू खातात. तेव्हा अंधारा कोपरा नको.

तळ्याकाठी

चार किड्यांचे व्हिडिओ चौकट चौकट करून पाहिले. एकाही डोक्यावर लाल ठिपका नाही. एकात तीन जोडलेले आहेत, दोन खाचा स्पष्ट. सर्वांत पुढच्या डोक्याच्या कडांना किंचित आत गेल्यासारखं दिसतं, पण भिंगाच्या मर्यादेत. हायड्रा अजूनही ११, त्यातल्या दोघांना कळ्या.

जुळी बरणी लावली. गाळ २ सेंमी, गाळणीत टाचणीच्या दोन अळ्या आणि चतुराची एक सापडली, तिन्ही परत तलावात सोडल्या.

भिंगधारी

चार किडे, डोळे नाहीत, साखळी आहे, डोक्याला खळगे, आणि हायड्रा कमी होत नाहीत. ५ स्टेनोस्टोमम असं लिहा, पुढे जात लिहू नका. तेवढं आपल्याला दिसलेलं नाही. जुळ्या बरणीतून पंधराव्या दिवशी थेंब काढाल तेव्हा त्याच्या पोटात काय आहे ते बघा. रोटिफरच्या जबड्याचे कडक तुकडे पचत नाहीत, ते आतून दिसतात.